ताडकळसची काळी भिंत

भिंतीवरची बुरशी घासण्यात माझा जन्म गेला. आमचं गाव लांजा तालुक्यात. पाऊस सुरू झाला की आमच्या चिऱ्याच्या भिंतींना आधी हिरवं शेवाळ धरतं, मग काळी बुरशी. गणपती यायच्या आत आम्ही बायका काथ्याची जुडी घेऊन भिंतीला भिडतो. बोटांची सालं निघतात. म्हणून माझी नात सुप्रिया जेव्हा म्हणाली की ती परभणीला लाकडावर मुद्दाम काळी बुरशी चढवते आणि त्याचा तिला पगार मिळतो, तेव्हा मी तिला विचारलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?

तिच्या फळ्या एका अंगणवाडीला बसवल्या होत्या आणि आता गावातले लोक त्या खरवडायला निघाले होते. लेकरं खोकत होती. फळ्या गेल्या तर दुसरं कुठलं गाव तिला भिंत देणार नव्हतं, आणि तिचं काम तिथंच संपणार होतं. मी तिला धीर द्यायला गेले नाही. मला ती भिंत बघायची होती. माझा नवरा दम्याने गेला. ज्या खोलीत तो झोपायचा तिची एक भिंत कायम ओली आणि काळी असायची. लेकरं खोकतात म्हटल्यावर मी घरी बसणार नव्हते, भिंत नातीची असली तरी.

गाडीचा प्रवास सांगत नाही. गाडी गाडीसारखी होती.

परभणी

जानेवारी होता. पहाटे उतरले तर थंडीने दात वाजले. आमच्याकडे थंडी म्हणजे अंगावर एक पदर जास्त. इथे ती हाडात शिरते, आणि दुपारी तेच ऊन डोकं तापवतं. माणसाने काय घालावं ते कळत नाही.

सुप्रियाने मला तिच्या कामाच्या जागी नेलं. टेबलावर काचेच्या बाटलीत काकवीसारखं काळं काहीतरी होतं.

"ही का ती?"

"हीच. हात लावलास तरी चालेल."

"नको. आयुष्यभर लावलाय."

तिने मला समजेल असं सांगितलं. लाकडात आधी जवसाचं तेल मुरवायचं. वरून ही बुरशी सोडायची. ती तेल खाते आणि लाकडावर पातळ काळा थर धरते. तो थर ऊन झेलतो, लाकूड कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरशीला बसायला जागा देत नाही, आणि चरा पडला तर हळूहळू आपणच भरून काढतो, कारण तो जिवंत आहे. रंग मेलेला असतो, तो इथल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत पोपडे धरतो.

"आणि लेकरांच्या छातीत गेली तर?"

"चिकट थर असतो आजी, धुळीसारखा उडत नाही. शिवाय फळ्या बाहेरच्या बाजूने आहेत. आम्ही तपासलंय."

"म्हणजे नक्की नाही जात?"

"जिवंत वस्तूबद्दल मी कुणालाच शंभर टक्के सांगत नाही."

हे उत्तर मला आवडलं नाही. खोटं बोलली असती तर त्याहून आवडलं नसतं.

ताडकळस

दुसऱ्या दिवशी बसने ताडकळसला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणी संपत आलेला कापूस, कणसावर आलेली ज्वारी. एका शेताच्या बांधाला जवस फुललं होतं, निळं. मी जवस चटणीत खाल्लं होतं, फूल कधी बघितलं नव्हतं. डोंगर कुठेच नाही. नजर अडत नाही, आणि मला डोंगराची सवय असल्यामुळे उघड्यावर झोपल्यासारखं वाटत राहिलं.

अंगणवाडी गावाच्या कडेला आहे. एकच खोली, मावळतीकडे भिंत. उन्हाळ्यात ती भिंत तव्यासारखी तापायची म्हणून तिच्यावर बाहेरून थोडं अंतर सोडून लाकडाच्या फळ्या मारल्या होत्या. दसऱ्याच्या सुमारास त्या बसल्या. दिवाळीनंतर खोकला सुरू झाला.

मी फळ्यांसमोर उभी राहिले. काळ्या, पण आमच्या बुरशीसारख्या डागाडागांच्या नाहीत, सगळीकडे सारख्या. बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही. नाक लावलं, जुन्या तेलाचा वास. तरी माझं मन मानेना. काळं ते काळं.

तिथे सोमीनाथ नावाचा एक तरुण शेतकरी आला. त्याची जुळी पोरं याच अंगणवाडीत. माणूस भांडखोर नव्हता, पण डोळे तांबारलेले होते, रात्री झोप नसल्यासारखे.

"आजी, तुमी कोकनातल्या. तुमच्याकडं भिताडाला बुरशी आली तर काय करतेत?"

सुप्रिया माझ्याकडे बघत होती. मी खरं ते सांगितलं. "घासून काढतो. लहान मूल असलं घरात तर आधी काढतो."

"आइकलं का म्याडम?" सोमीनाथ सुप्रियाला म्हणाला. "तुमची सख्खी आजीच सांगायलीय. शुक्रवारी समद्या बायांना बोलवतो. तवाच खरवडून टाकू."

तो गेल्यावर सुप्रिया म्हणाली, "तू माझ्या बाजूने एक शब्द तरी बोलायला हवा होतास."

"त्याने भिंतीचं विचारलं. तुझं नाही विचारलं."

ती संध्याकाळच्या बसने परभणीला परत गेली, शुक्रवारी येते एवढंच म्हणाली. मला मात्र तिथेच ठेवलं, कांताबाईकडे.

कांताबाई म्हणजे अंगणवाडीची मदतनीस. सुप्रिया मुक्कामाला असली की हिच्याकडेच राहायची. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हात सतत कामात. तिची लेक आणि जावई ऊसतोडीला सांगलीकडे गेलेले. त्यांची तीन वर्षांची पोर, परी, आजीपाशी. सगळ्यांत जास्त खोकत होती ती हीच. खोकली की तिच्या बरगड्या आत जायच्या आणि ती रडायची नाही, दोन्ही हातांनी आजीचं लुगडं धरायची. गावात बायका तिच्याकडेच बोट दाखवत होत्या, बघा भिंतीने काय केलं.

"दवाखान्यात दाखवलंस?"

"दोनदा नेलं मावशी. औषध संपलं की पुन्ना तेच. लेकीचा रोज फोन येतो, आई, परी कशी हाय? काय सांगू? बरी हाय म्हन्ते."

जेवायला ज्वारीची भाकरी, करडईची भाजी आणि जवसाची चटणी. भाकरी पापडाएवढी पातळ आणि ताटाएवढी मोठी. आमच्याकडे भाकरी तांदळाची आणि हातावर थापलेली. मी विचार न करता विचारलं, भात नाही का? कांताबाई उठली, शेजारणीकडून वाटीभर तांदूळ आणले आणि मी नको नको म्हणत असताना शिजवले. तो भात तिखटमीठ घालून खिचडीसारखा झाला होता. सगळा संपवला. पुन्हा मी भाताचं नाव काढलं नाही.

गुरुवार

सकाळी मी चुलीजवळ बसले होते. कांताबाईने चुलीतले निखारे घमेल्यात घेतले, वर राख ओढली, परीला शालीत गुंडाळलं आणि निघाली. अंगणवाडीची ताई दहाला यायची, कांताबाई त्याआधी जाऊन झाडलोट करायची, हे मला माहीत होतं. निखारे कशाला, ते कळेना. थंडीचे असतील म्हटलं. मला रिकामं बसवत नाही. हुरडा भाजायला नेणार असेल तर मीही बघेन म्हणून मागोमाग गेले.

अंगणवाडीचं दार लावलेलं, खिडक्या लावलेल्या. फटीतून धूर येत होता. मला वाटलं आग लागली. दार ढकललं तर आत समोरचं माणूस दिसेना. मधोमध घमेलं, त्यात कडुनिंबाचा पाला, उदाचे खडे, लसणाची टरफलं. कांताबाई परीला मांडीवर आडवी धरून त्या धुरावर शेकत होती. पोर खोकत होती आणि लुगडं धरून होती.

मी आधी दार उघडलं, मग खिडक्या, मग पोर तिच्या हातातून ओढून बाहेर आणली.

"काय करायलाव मावशी!" ती मागून आली. "थंडी लागंल तिला."

"हे रोज करतेस?"

"रोज. त्या भिताडाची बाधा आत येऊ नये म्हनून. धुरीनं मरती बुरशी. लेकरं यायच्या आत समदी खोली धुपवते. परीला जास्त देते, तिला जास्त हाय म्हनून."

"कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापसून. फळ्या काळ्या पडलेल्या पाहून माझा जीव थाऱ्यावर राहिना."

"आणि खोकला कधीपासून?"

तिने परीकडे बघितलं. उत्तर तिला कळलं होतं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तशी ती एकदम ताठ झाली.

"आमच्यात लेकरू जन्मलं की धुरी देतेत. मला दिली, माझ्या आईला दिली. कोन मेलं?"

"धुरी आमच्याकडेही देतात. कोंडून नाही देत. रोज नाही देत."

"तुमी कोनाला सांगू नका."

"उद्या तू सांग. सगळ्यांसमोर."

"मदतनिसाचं काम जाईल माझं!" मग आवाज खाली गेला. "आन लेकीला काय सांगू? तिनं इस्वासानं ठिवलीय इथं."

मी म्हटलं, "उद्यापर्यंत वेळ आहे. तू बोल, नाहीतर मी बोलेन."

त्या दिवशी तिने मला दोन्ही वेळा वाढलं. भाकरी गरम होती. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि मी ताटाकडे बघून खात होते. आमच्याकडे बाई रागावली की भांडी आपटते. ही एक भांडंसुद्धा वाजवत नव्हती. मला ते जड गेलं. संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा ती बाहेर ओट्यावर जाऊन बोलली. "बरी हाय," एवढंच मला ऐकू आलं.

मी काही सुप्रियाला फोन केला नाही. कांताबाईला दिलेली मुदत मोडायची नव्हती.

शुक्रवार

दुपारी अंगणवाडीसमोर सतरंजी टाकली. वेचणीला जाणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या होत्या. सोमीनाथ खुरपं आणि तारेचा ब्रश घेऊन आला होता. कांताबाई परीला मांडीवर घेऊन अगदी मागे बसली. सुप्रिया सकाळच्या बसने आली होती. तिचा चेहरा बघून कळत होतं की रात्र जागून काढली आहे.

तिने लांबण लावली नाही. "मी तुम्हाला सांगितलं होतं की हे तपासलेलं आहे, आणि ते खरं आहे. पण लेकरं खोकतायत हेही खरं आहे. कारण मला अजून सापडलेलं नाही. तुमचा विश्वास नसेल तर फळ्या खरवडा. मी अडवणार नाही."

मी तिच्यासाठी आले नव्हते, पण त्या वेळी ती माझी नात आहे याचं मला बरं वाटलं.

मी मागे बघितलं. कांताबाईने मान खाली घातली. सोमीनाथने खुरपं फळीला लावलं आणि वरून खाली ओढलं. काळ्यावर पांढरा पट्टा उमटला. त्याने पुन्हा खुरपं उचललं. मी पुन्हा मागे बघितलं. ती परीच्या केसांतून हात फिरवत होती.

"थांब रे," मी म्हटलं. "खोकला भिंतीचा नाही. धुराचा आहे."

आणि सगळं सांगितलं. घमेलं, निंबाचा पाला, लावलेल्या खिडक्या. नावासकट. नाव वगळून सांगणं मला जमत नाही.

कांताबाई उभी राहिली. इतका मोठा आवाज तिच्या छातीत असेल असं वाटलं नव्हतं.

"खाल्ल्या घरचे वासे मोजायलीस व्हय गं! शेजारनीकडून मागून भात घातला तुला! नात वाचवायची म्हनून माझ्या तोंडाला काळं फासायलीस?"

"नात वाचवायची असती तर परवाच गोड बोलले असते. परवा मी काय बोलले ते सोमीनाथला विचार."

बायकांमध्ये कल्ला सुरू झाला. एक म्हातारी म्हणाली, धुरीनं कुनी खोकत असतंय व्हय, ही कोकनातली कायबी बोलायलीय. दुसरी एक लेकुरवाळी म्हणाली, "माझ्या पोराच्या अंगाला रोज उदाचा वास येतो. मला वाटायचं, देवाचं काही केलं आसंल." तिसरी म्हणाली, "मंग रविवारी कामून कमी खोकतेत? रविवारी भिताड कुठं जातं?"

सोमीनाथ आत गेला, खिडकीची वरची चौकट हाताने पुसली आणि काजळीने काळा झालेला हात घेऊन बाहेर आला. बराच वेळ तो त्या हाताकडे बघत राहिला.

"कांतामावशी, खरं हाय का?"

ती खाली बसली. लुगड्याच्या पदराने परीचं तोंड पुसू लागली, पुसायला काही नव्हतं तरी.

"माझ्या लेकराला मी कामून तरास दीन रे," ती म्हणाली.

ठरलं ते असं. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत धुरी बंद, दार-खिडक्या उघड्या. खोकला गेला तर फळ्या राहतील. नाही गेला तर सोमीनाथ उरलेलं खरवडेल आणि सुप्रिया त्याच दिवशी सगळं सामान उचलेल. सुप्रिया हो म्हणाली. कांताबाईचं काम राहिलं. जुळ्यांची आईच म्हणाली, तिनं वाईट मनानं केलं न्हाई, पन घमेल्यातला इस्तू आता हिथं यायचा न्हाई.

बाजाराच्या दिवसापर्यंत

सुप्रियाने मला चल म्हटलं. मी गेले नाही. मी बोलले होते, मग ते खरं ठरतं की खोटं हे बघायला मीच नको का?

पिशवी उचलून दुसरीकडे जायला निघाले तर कांताबाई दारात आडवी उभी राहिली. "पाव्हनी हायस. बाहीर जाऊन माझी आनखी नाचक्की करू नको." त्यानंतर तिने बोलणं टाकलं. वाढायची, पाणी द्यायची, माझं अंथरूण घालायची, सगळं मुक्याने. ओरड्यापेक्षा हे वाईट. मी भांडी घासायला गेले की ती हातातून काढून घ्यायची.

आम्ही दोघी परीचा खोकला ऐकत होतो. एकमेकींना कळू न देता. माझं चुकलं असेल तर नातीची भिंत जाणार होतीच, वर एका बाईला गावासमोर फुकट उघडं पाडल्यासारखं होणार होतं. पहिले दिवस काहीच फरक पडला नाही. सोमीनाथ जाता-येता ओट्याशी थांबायचा, आत कान द्यायचा आणि न बोलता जायचा. त्याची जुळी आधी बरी झाली. परीचं लवकर उतरेना. एका सकाळी ती इतकी खोकली की कांताबाई चुलीकडे गेली, घमेलं उचललं, आणि तशीच उभी राहिली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिने मुद्दाम निखारे भरले असते. तिने घमेलं बाहेर नेलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथं घातलं.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. या वेळी कांताबाई ओट्यावर गेली नाही. माझ्यासमोर चुलीशी बसून बोलली.

"बरी न्हवती ती. मी खोटं सांगायले तुला... न्हाई, भिताड न्हाई. म्याच. म्याच धूर देत व्हते रोज."

मग कांताबाईने फोन परीच्या कानाला लावला. परी कोंबडीने अंडं कुठे घातलं ते सांगू लागली, मग सोमीनाथच्या जुळ्यांनी तिला कसं ढकललं ते. कांताबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. पोरीचं सांगून संपलं. मध्ये एकदाही खोकायला थांबावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमीनाथ बाजारातून सरळ अंगणवाडीवर आला. खुरपं आणलं नव्हतं. सुप्रियाने त्याने ओढलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर जवसाचं तेल लावलं. कडेने बुरशी पुन्हा धरेल, वेळ लागेल, म्हणाली. "मला येऊन बघता येईल का?" सोमीनाथने विचारलं. ती म्हणाली, "तुमचीच भिंत आहे." फळ्या राहिल्या. मला ती भिंत अजून आवडत नाही. पण नावडती म्हणून कुणाला दोष लावता येत नाही, एवढं कळलं.

निघायच्या दिवशी सुप्रिया स्टँडवर पुढे गेली होती. कांताबाई परीला कडेवर घेऊन माझ्याबरोबर चालत आली. मी ये म्हटलं नव्हतं. बस यायला वेळ होता. दोघी झाडाखाली उभ्या होतो.

"मावशी," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तुमी आला नसता तर बरं झालं असतं."

"पोर खोकत राहिली असती."

"तिच्यासाठी न्हाई म्हनत. माझ्यासाठी म्हनायले."

मी म्हटलं, "ते खरं आहे."

तिने मान हलवली. बस आली तशी परीला खाली उतरवलं, माझी पिशवी उचलली, गर्दीतून आत शिरून मला खिडकीची जागा धरून दिली, आणि मागे न बघता उतरून गेली.